मुलाचे वाढते वजन : पथ्य हवे ते घराला

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. पावसाळी हवा, दवाखान्यात सर्दी-तापाची गर्दी. नऊ वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या. तक्रार सर्दीचीच होती. तपासून औषध लिहून दिले. चिठ्ठी हातात घेता घेता आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जोडीला एखादं टॉनिक लिहा की. पोरगं काही खातच नाही बघा. जिना चढला की धापा टाकतं. अंगात ताकद म्हणून नाही."

मुलाला वजनकाट्यावर उभे केले. काटा ४१ किलोवर थांबला. उंची भरली १३३ सेंटिमीटर. या उंचीच्या मुलाचे वजन साधारण २८ किलोच्या आसपास असते. "आजी, टॉनिक नको, याचं वजनच जास्त आहे," असे मी म्हणताच आजींचा चेहरा उतरला. "खात्यापित्या घरचं पोर आहे. वजन-बिजन काढून नजर लावू नका," त्या म्हणाल्या. आई गप्प होती. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "याची मान बघता का जरा? कितीही घासली तरी मळ जात नाही."

तो मळ नव्हता. त्याविषयी पुढे सांगतो. मी मुलाला विचारले, "शाळेत कोणता खेळ खेळतोस?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पीटीच्या तासाला मी वर्गातच बसतो. पळायला लागलो की सगळे हसतात." काट्यावरच्या आकड्यापेक्षा हे वाक्य मला अधिक लागले.

असे एक तरी मूल आता आठवड्याला माझ्याकडे येते. म्हणून आजचा लेख या विषयावर.

गुटगुटीत म्हणजे निरोगी?

आजींचे काही चुकले असे मला वाटत नाही. त्यांच्या लहानपणी दुष्काळ होता, रेशन होते, गोवर आणि जुलाबाने मुले दगावत होती. ज्याच्या अंगावर चार घास जास्त, ते मूल आजारातून तरून निघायचे. त्यामुळे बाळसे म्हणजे आरोग्य हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. आम्ही डॉक्टरही त्यातलेच. दवाखाना सुरू केला त्या वर्षांत गुबगुबीत बाळ आले की मीही गालगुच्चा घेत असे आणि सडपातळ पण धडधाकट मुलाला भुकेचे औषध लिहून देत असे.

आज परिस्थिती दुहेरी आहे. देशात पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, म्हणजे कुपोषण संपलेले नाही. त्याच वेळी याच वयातील जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली २.१ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ३.४ टक्के झाले. शाळकरी वयात आणि शहरी वस्तीत हा प्रश्न आणखी मोठा होतो. एकाच गल्लीत एक मूल खुरटलेले आणि दुसरे लठ्ठ, असे चित्र आता आपल्यासारख्या गावातही दिसते.

आपल्या लोकांची शरीरप्रकृतीही लक्षात घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील बाळे ३.५ किलोची. पण आपल्या या किडकिडीत बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली आढळली. अशा शरीरावर पुढे चरबी चढली की मधुमेह लवकर गाठतो. "आमच्या घरात सगळेच अंगाने भरलेले" म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही.

घरच्या घरी कसे ओळखावे?

नुसत्या डोळ्यांनी ओळखू जाऊ नका, डोळे फसवतात. आपल्या मुलाला सगळेच बारीक म्हणतात. मोठ्या माणसांसाठी वजन-उंचीचे जे ठराविक आकडे असतात, तेही मुलांना लागू होत नाहीत. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी यानुसार वेगळे तक्ते आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे तक्ते प्रसिद्ध केले. डॉक्टरांना मुलाची नोंद त्या तक्त्यावर करायला सांगा. वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, ही नोंद झाली तरी पुरे.

घरी करण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे. मूल सहा वर्षांच्या पुढचे असेल तर त्याच्या उंचीएवढी सुतळी कापा आणि ती मधोमध दुमडा. बरगड्या संपतात आणि कमरेचे हाड सुरू होते त्यांच्या मध्यावर, पोट आत न ओढता, ही निम्मी सुतळी गुंडाळून पाहा. टोके एकमेकांना सहज मिळाली तर ठीक. मिळाली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा.

आता त्या मानेविषयी. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आया बिचाऱ्या घासणी घेऊन ती घासतात आणि मूल रडते. हा मळ नसतो. शरीरात चरबी वाढली की इन्शुलिन नीट काम करेनासे होते. मग शरीर ते जास्त जास्त तयार करते, आणि वाढलेल्या इन्शुलिनची खूण त्वचेवर अशी उमटते. ही पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची आगाऊ सूचना समजावी. घासू नये, तपासावे.

याखेरीज मूल झोपेत मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, गुडघे किंवा खुबा दुखत असेल, खूप तहान आणि वारंवार लघवी होत असेल, किंवा मुलीची पाळी अनियमित असेल, तर थांबू नये. डॉक्टर रक्तदाब पाहतील, गरजेप्रमाणे साखर, चरबी आणि यकृताची तपासणी सांगतील.

बहुतेक पालक विचारतात, "थायरॉइड तर नसेल?" क्वचित असते. त्याची एक ढोबळ खूण अशी : ग्रंथींच्या दोषात मुलाची उंची वाढायची थांबते, मूल बुटके राहते. वजन वाढलेले पण उंचीही व्यवस्थित असलेले मूल असेल तर कारण बहुधा स्वयंपाकघरात, टीव्हीसमोर आणि हातातल्या मोबाइलमध्ये सापडते. दम्यासाठी किंवा अन्य कारणाने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. पण मनाने बंद करू नका.

"मोठा झाला की उतरेल"

हे वाक्य मीही एके काळी म्हटले आहे. सात वर्षांचा एक गोल मुलगा होता. वडिलांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "उंची वाढली की आपोआप उतरेल." सोळाव्या वर्षी तो परत आला तो तहान तहान करीत. रक्तातील साखर ३०० च्या घरात. त्याला आजही औषधे चालू आहेत. काही मुलांचे वजन उंचीबरोबर खरोखर मार्गी लागते, पण आपोआप नव्हे. आणि कोणाचे लागेल हे आधी सांगता येत नाही. तेव्हापासून मी ते वाक्य सोडून दिले.

मात्र याचा अर्थ मुलाला उपाशी ठेवावे असा नाही. येथेच बहुतेकांची गल्लत होते. वाढत्या वयातल्या बऱ्याच मुलांचे वजन कमी करावे लागतच नाही. ते आहे तेथे थोपवून धरायचे. उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढत असते. वजन स्थिर राहिले किंवा थोडेसेच वाढले, की उंची त्याला गाठते. आकडा तोच राहतो, पण मूल सडसडीत होते. ज्यांचे वजन फारच जास्त आहे किंवा वाढ संपत आली आहे, त्यांचे वजन उतरवावे लागते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बदल घरात

मुलगा जेवायला बसला. त्याच्या ताटात काकडी आणि एक पोळी. शेजारी बाबा भजी खात आहेत, ताई फरसाण खात आहे. अशा घरात मुलाचे वजन कमी होणार नाही. तो चोरून खायला मात्र शिकेल. म्हणून माझा पहिला नियम असा की, पथ्य मुलाला लावू नका, घराला लावा. सगळ्यांनी एकच जेवावे. आई-बाबांचा रक्तदाबही त्यात सुधारेल.

सुरुवात पिण्यापासून करा. साखरेचे पाणी पोट भरत नाही, वजन मात्र वाढवते. बाटलीतल्या थंड पेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते. म्हणजे एक छोटी बाटली संपली की पाच-सहा चमचे साखर पोटात गेली. मुलांनी दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवावी असा सल्ला असतो. खोक्यातला फळांचा रस आणि सरबताच्या बाटल्या त्याच पंगतीतल्या. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींचेही तसेच. त्याने उंची किंवा बुद्धी वाढेल या भ्रमात राहू नका. केंद्र सरकारनेही एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखालून काढायला सांगितले. दूध साधे द्या, कपभर. ताक द्या. तहानेला पाणी.

त्यानंतर मधले खाणे. सकाळी चहा-खारी, शाळेतून आल्यावर बिस्किटे, क्लासला जाताना पाच रुपयांचा चटपटीत पुडा, रात्री टीव्हीसमोर शेव. मग आजी म्हणतात ते खरेच : पोरगं जेवायला बसलं की काही खात नाही. खाणार कसे? १०० ग्रॅम बिस्किटांत सुमारे ४५० कॅलरी असतात, आणि ती खाऊन पोट भरल्याचे समाधान नाही. मुलाला दिवसातून तीन वेळा जेवण-नाश्ता आणि एक-दोन वेळा ठरलेल्या वेळी मधले खाणे पुरते. त्या मधल्या खाण्यात मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, कमी तेलाचा मुरमुऱ्याचा चिवडा, मोड आलेल्या मटकीची भेळ, पेरू, केळे, हंगामात बोरे, गाजर, उकडलेले अंडे असे काही द्या. यातले बरेचसे आठवडी बाजारात त्या पुड्यांपेक्षा स्वस्त मिळते. घरात पुडे आणून कपाटात वर ठेवले तर मुलाला स्टूल सापडतेच. आणूच नका, म्हणजे लपवावे लागणार नाही.

ताट असे वाढा की निम्म्या भागात भाजी, कोशिंबीर आणि फळ यावे, पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात, आणि उरलेल्या पाव भागात वरण, उसळ, अंडे, मासे यांपैकी काही. आपल्याकडे भात-पोळी-बटाटा असे तीन पदार्थ मांडून जेवण पूर्ण झाले असे मानतात. त्यात वरण-उसळ आणि पालेभाजीला जागा करा. ज्वारी-बाजरीची भाकरी चावून खावी लागते, म्हणून पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. मैद्याचा पाव चार घासांत संपतो आणि दुसरा मागतो.

तेलाचा हिशेब महिन्यावर ठेवा. माणशी अर्धा ते पाऊण लिटरपेक्षा जास्त तेल संपत असेल तर कुठेतरी कढई जास्त वेळ चुलीवर आहे. तळण बंद करा असे मी सांगत नाही, सांगून कोणी ऐकतही नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवा. थालीपीठ, धिरडे, आंबोळी, इडली यांनी बाकीचे दिवस निघतात.

जेवताना टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पडद्याकडे बघत जेवणाऱ्या मुलाला किती खाल्ले ते कळत नाही. हा नियम वडिलांनाही लागू, हे मुद्दाम सांगतो.

काय शिजवायचे, केव्हा आणि कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलाला ठरवू द्यावे. "ताटात टाकायचं नाही," "एवढी एक माझ्या नावाची," असे म्हणत भरलेल्या पोटात घास ढकलला की शरीराची 'पुरे' म्हणण्याची सवय मोडते. आधी कमीच वाढा. भूक असेल तर मूल मागेल.

पळणे, खेळणे, झोपणे

शाळकरी मुलाने रोज किमान एक तास अंग हलेल, धाप लागेल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तास एकदम नको, तुकड्या-तुकड्यांनी चालेल. लंगडी, लगोरी, खो-खो, दोरीच्या उड्या, सायकल, काहीही. शाळा दीड किलोमीटरवर असेल तर रिक्षाची चौकशी करण्याआधी चालण्याचा विचार करा. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा अभ्यासासाठी मोबाइल हातात आला, आणि मैदान सुटले. अनेक घरांत ते अजून परत मिळालेले नाही.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. अकरा-बारा वर्षांची झाली की तिचे बाहेर खेळणे आपण बंद करतो आणि मग वजन वाढले म्हणून तिलाच बोलतो. चार मैत्रिणी मिळून सायकलवर शाळेत जातील, घराच्या गच्चीवर दोरीच्या उड्या मारतील, एवढी सोय तरी करा.

लठ्ठ मुलाला एकदम मैदानात ढकलू नका. तो मागे राहील, हसे होईल, आणि तो कायमचा घरात बसेल. पहिले काही आठवडे घरातल्या कोणीतरी त्याच्याबरोबर चालावे. मात्र नुसत्या पळण्यावर भिस्त ठेवू नका. मूल अर्धा तास चालून जेवढ्या कॅलरी जाळते, त्याच्या कितीतरी पट एका वडापावात परत येतात.

झोपेचाही वजनाशी संबंध आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, पुढच्या वयात ८ ते १०. जागरणाने भूक वाढते, आणि रात्री अकराला लागलेली भूक पालेभाजी मागत नाही.

हे मात्र करू नका

मुलाला जाड्या, ढोल्या, भोपळा म्हणू नका, लाडानेसुद्धा नाही. धाकट्या भावाशी तुलना नको. पाहुण्यांसमोर त्याच्या खाण्याची चर्चा नको. टोमण्यांनी वजन उतरलेले मूल मी पाहिलेले नाही. टोमणे खाऊन रात्री कपाट उघडणारी मुले पाहिली आहेत.

जाहिरातीतली पावडर, काढा, पट्टा, गोळी मुलाला देऊ नका. सूज्ञ डॉक्टर लहान मुलाला वजनाचे औषध सहसा देत नाही. मोठ्या वयात फार गरज पडली तर ते तज्ज्ञाचे काम. उपवास करायला लावू नका. अभ्यास केला म्हणून चॉकलेट, पडला-रडला म्हणून आइस्क्रीम, असे खाण्याचे बक्षीस नको. त्याऐवजी बक्षीस म्हणून त्याच्याशी अर्धा तास खेळा.

सगळे एकाच सोमवारी बदलू नका. एका महिन्याला दोन सवयी पुरेत. आणि वजन रोज पाहू नका, महिन्यातून एकदा.

शाळेच्या दारात

घर सुधारले आणि फाटकाबाहेर पुड्यांच्या माळा लटकत असल्या तर काय उपयोग? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केला आहे : जास्त चरबी, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसई मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना कोणत्या पदार्थात किती साखर आहे हे दाखवणारे फलक लावायला सांगितले. असा फलक कोणत्याही शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिता येतो. पालकसभेत हा विषय काढा. आणि वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याऐवजी पेन्सिली वाटा.

पुढे काय झाले?

त्या मुलाच्या घरच्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : घरात गोड पेये आणि पुडे आणायचे नाहीत, आणि रोज संध्याकाळी वडिलांनी दुकानातून आल्यावर त्याला घेऊन चालायला जायचे. दोन महिन्यांनी ताट बदलले. त्यानंतर मोबाइलची वेळ ठरली. दिवाळीत सगळे घसरले, वजन दीड किलो वाढले, आई रडकुंडीला आली. मी म्हणालो, दिवाळी वर्षातून एकदाच येते, पुन्हा चालायला लागा. आजींना मी एक काम दिले होते. नातवाला रोज चार वाजता काय खायला द्यायचे ते त्यांनी ठरवायचे, फक्त ते पुड्यातले नको. त्यांनी मटकीला मोड आणण्यापासून नाचणीच्या आंबिलीपर्यंत सगळे काढले. ज्या प्रेमाने वजन वाढवले, तेच प्रेम कामाला आले.

यंदा जूनमध्ये तो आला. वजन ४२ किलो, उंची १३९ सेंटिमीटर. वर्षभरात वजन एकच किलोने वाढले, उंची सहा सेंटिमीटरने. अजून तो तक्त्यावर जिथे हवा तिथे आलेला नाही, आणखी वर्ष-दीड वर्ष जाईल. मानेचा काळेपणा कमी झाला आहे, गेलेला नाही. साखर आणि रक्तदाब व्यवस्थित आहेत.

"पीटीच्या तासाला काय करतोस?" मी विचारले. "खो-खोत बसतो," तो म्हणाला. "मी पळतो पण. पहिल्यांदा आउट नाही होत आता."

आजी मात्र निघताना म्हणाल्याच, "डॉक्टर, गाल बघा कसे बसले पोराचे. एखादं टॉनिक..."

मी हसलो आणि चिठ्ठीवर लिहून दिले : रोज एक पेरू, आजीच्या हातचा.